शेपूटवाले सर

आमच्या सरांना नुसतं 'आलो' म्हणून भागायचं नाही. कसे आलात, ते सांगावं लागायचं. पेपर टाकणारा पोऱ्या असो, गॅसवाला असो, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभा राहिलेला पाहुणा, सुटका कुणाचीच नव्हती. "आलो सर," म्हटलं की सर चष्म्याच्या वरून बघायचे आणि विचारायचे, "कसा?"

"गाडीवर आलो की, सर."

"ते कशावर झालं. मी कसा विचारलं."

मग तो बिचारा डोकं खाजवायचा, इकडंतिकडं बघायचा आणि म्हणायचा, "आलो की... गपगुमान." तेवढ्यावर सरांचा चेहरा असा खुलायचा, विचारू नका. "क्वाएटली! वा! बस, चहा घे."

वडवणीच्या शाळेत सरांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. आम्ही त्यांना शेपूटवाले सर म्हणायचो. अर्थात पाठीमागं. कारण असं की इंग्रजीत 'स्लो' या शब्दाला 'एल' आणि 'वाय' जोडलं की 'स्लोली' होतं, म्हणजे 'हळू असा' चं 'हळूपणे' होतं. त्या एल-वायला सर शेपूट म्हणायचे. "क्रियापद सगळ्याचं सारखंच असतंय रे," ते सांगायचे. "सरपंच बी चालतो, गाढव बी चालतं. कोण कसं चालतं, ते शेपटावरून कळतंय." वर्गातला एखादा आगाऊ विचारायचाच, "सर, सरपंचाला शेपूट कुठं असतंय?" सर शांतपणे म्हणायचे, "निवडून आल्यावर बघ."

हजेरीला 'प्रेझेंट सर' चालायचं नाही. 'प्रेझेंट, हॅपिली' म्हणा, 'प्रेझेंट, स्लीपिली' म्हणा, पण खरं म्हणा. एकदा एक पोरगं उभं राहून म्हणालं, "प्रेझेंट, हंग्रिली." वर्ग खो खो हसला. सरांनी हजेरी तिथंच थांबवली, टेबलाखालून स्वतःचा डबा काढला आणि त्या पोराला अर्धी भाकर आणि पिठलं दिलं. ते खाऊन होईपर्यंत पुढचं नाव घेतलं नाही. मग आम्हीही हसायचं थांबलो.

काही शब्द मात्र शेपूट घेत नाहीत, त्यांच्यावर सरांचा विशेष राग. 'फास्ट' चं 'फास्ट'च राहतं. "घ्या! ह्याला शेपूट बी लावून घ्यायला टाइम न्हाई," असं म्हणून ते फळ्यावरच्या 'फास्ट'ला खडूनं फटका मारायचे. आम्हाला वाटायचं, माणूस जरा सरकलेला आहे. खोटं कशाला बोलू, मला अजूनही थोडं वाटतं. पण माणसानं सरकावं तर असं.

निवृत्त झाल्यावर इतर मास्तर लोक शेती बघतात, प्लॉट बघतात, देवाला जातात. सरांनी जुनी पांढरी गाडी घेतली आणि ड्रायव्हिंगचा क्लास काढला. गाव चाट पडलं. मागच्या काचेवर स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, 'शिकायलाव. पेशंटली घ्या.' काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, म्हणाल्या, "एवढी वर्सं पोरांची डोकी खाल्ली, आता गाडीचं खाणार."

त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी. पाय हलायच्या आधी तोंड हललं पाहिजे, हा पहिला नियम. क्लच सोडायचा तर आधी मोठ्यानं म्हणायचं, "स्लोली!" ब्रेक दाबायचा तर "जेंटली!" आरशात बघायचं तर "केअरफुली!" मागून कुणी हॉर्न मारत असेल तर "पेशंटली!" तोंडानं म्हणेपर्यंत डोक्याला विचार करायला अर्धा क्षण मिळतो, आणि अपघात त्या अर्ध्या क्षणातच होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं सरांची गाडी रस्त्यानं निघाली की आतून ओरडा चालू. बाजाराच्या दिवशी बायका म्हणायच्या, "सरका गं, इंग्रजी आलं."

दुसरा नियम दह्याचा. काकू सकाळी कोमट दुधाला विरजण लावून पातेलं झाकून गाडीत मागच्या सीटच्या खाली ठेवायच्या. तिथून शिकाऊ माणसानं गाडी बीडकडं न्यायची आणि परत आणायची. परत आल्यावर काकू अंगणात झाकण उचलायच्या. दही एकसंध लागलेलं असलं तर पास. वर पाणी सुटलं, भेगा पडल्या, तर त्या काही न बोलता पातेलं त्या शिकणाऱ्याच्या हातात द्यायच्या. म्हणजे, घरी ने आणि कढी कर. माझ्या मावशीकडं आम्ही सलग नऊ दिवस कढी खाल्ली. दहाव्या दिवशी मावशीनं हात जोडले, "माय, गाडी शीक न्हाईतर स्वयंपाक तरी शीक."

हो, मीही सरांकडं शिकले. आणि हेच तर सांगायचं आहे.

आमचं घर मेंढपाळाचं. घर म्हणजे म्हणायला, वर्षातले आठ महिने आई-आप्पा मेंढरांच्या मागं, आज या शेतात तळ, उद्या त्या शेतात. मी शाळेसाठी वडवणीला मावशीकडं राहिले, आणि मग तिथलीच झाले. मी चौदा वर्षांची असताना आमच्या कळपात गाडी घुसली. दिवसाढवळ्या. अठरा वर्षांचं पोरगं, मामाची नवी गाडी. अकरा मेंढरं गेली आणि आप्पांचा उजवा पाय मोडला. ते अंबाजोगाईच्या दवाखान्यात महिनाभर पडून होते. पाय जुळला, पण वाकडा. तेव्हापासून आप्पांनी सांगून टाकलं, "आपल्या घरात चाक येनार न्हाई." सायकलसुद्धा नाही. एका पाहुण्यानं माझ्यासाठी स्कूटी देऊ केली, तर आप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

आणि माझं असं, की मला गाडीच पाहिजे होती. अंबाजोगाईच्या एका संस्थेचा फिरता दवाखाना आहे. गाडीत डॉक्टरीणबाई आणि एक नर्स, गावोगाव, तांड्या-वस्त्यांवर जाऊन बायकांना तपासतात. त्यांना गाडी चालवायला बाईमाणूसच हवं होतं. मी जाऊन भेटले. बाई म्हणाल्या, महिनाअखेर लायसन दाखव, जागा तुझी. आमच्यासारख्या तळावर राहणाऱ्या बायकांचं दुखणं कुणापर्यंत पोचत नाही, हे मी आईकडं बघून शिकलेली. ती नोकरी मला जिवापाड हवी होती. पण लायसन मिळालं आणि आप्पा 'नको' म्हणाले, तर त्या गाडीत मी बसणार नव्हते. मी तापट आहे, तोंडाळ आहे, सगळ्यांशी भांडते, पण आप्पांच्या वाकड्या पायाशी भांडायची माझी ताकद नव्हती. म्हणून चोरून शिकत होते. आईला ठाऊक होतं. ती फोनवर एवढंच म्हणायची, "तू शीक. ह्यांचं मी बघते." आणि तिनं काही बघितलं नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. तिचीही हिंमत होत नव्हती.

सरांकडं पहिल्या दिवशी गेले तर त्यांनी मला ओळखलं. शाळेत मी त्यांची विद्यार्थिनी. म्हणाले, "तू शेवटच्या बाकावर बसायचीस. 'प्रेझेंट, अँग्रिली' म्हणायचीस."

"अजून बी तशीच हाय, सर."

"मग मागं बस. आधी आठ दिवस दुसऱ्याची चूक बघ. रागीट माणसाला सोताची चूक दिसत न्हाई, दुसऱ्याची चटकन दिसती."

आठ दिवस मी मागं बसून लोकांच्या चुका मोजल्या. मजा आली. मग स्वतः स्टिअरिंग धरलं आणि रडकुंडीला आले.

सर गाडीत कधी ओरडायचे नाहीत. आपण ओरडायचं, ते ऐकायचे. एकदा आम्ही तेलगावच्या रस्त्याला होतो. मागून कुठल्या तरी पुढाऱ्याच्या चार गाड्या आल्या, काळ्या काचांच्या, हॉर्नवर हॉर्न. रस्ता अरुंद, बाजूला पाटाचं काम चाललेलं, सरकायला जागा नाही. माझा पारा चढला. सर म्हणाले, "थांब. जेंटली." मी गाडी थांबवली. सर उतरले, धोतराचा सोगा सावरावा तसा पँटीचा पट्टा सावरत पहिल्या गाडीपाशी गेले आणि काचेवर बोटानं टकटक केलं. काच खाली आली. आत गळ्यात जाड चेन घातलेला गडी. सरांना बघताच त्यानं खाडकन दार उघडलं आणि खाली उतरून पायाला हात लावला. जुना विद्यार्थी!

"कसा चाललास बे?" सरांनी विचारलं.

"सर, साहेबांला लई घाई हाय. सभा हाय..."

"कुठं ते न्हाई इचारलं. कसा?"

त्या भरउन्हात, मागं तीन गाड्या तुंबलेल्या असताना, तो गडी मान खाली घालून म्हणाला, "रॅशली, सर."

"आन् कसं जायला पायजे?"

"सेफली, सर."

"स्पेलिंग?"

खरंच सांगते, त्यानं स्पेलिंग सांगितलं. मधल्या गाडीतून साहेब स्वतः काच खाली करून बघत होते. त्यांनाही काय वाटलं कोण जाणे, हसून हात जोडले. मग आम्ही पुढं, आमच्या मागं चार गाड्या, सगळे तीसच्या वेगानं, हॉर्न बंद. गावात शिरेपर्यंत लोकांना वाटलं पुढारी आमच्याच गाडीत आहे. दोघांनी तर मला नमस्कार घातला.

त्या दिवशी परत येताना मी हसत हसत विचारलं, "सर, तुमी हे गाडीचं कावून सुरू केलं? पेन्शन हाय, पोरगा नोकरीला हाय. घरी बसून पेपर वाचायचा."

सरांनी पुढच्या बाभळीकडं हातानं खूण केली. मग म्हणाले, "गाडी बाजूला घे. केअरफुली."

मी बाभळीखाली गाडी घेतली. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुमच्या कळपात ज्यानं गाडी घातली, तो माझा इद्यार्थी व्हता. पहिला नंबर. इंग्रजीत मीच त्याला पैकीच्या पैकी दिलते. 'केअरफुली' त्याला येत व्हतं पोरी. वाक्यात उपयोग करून दाव म्हनलं तर धाड धाड पाच वाक्यं लिहायचा. मी त्याला शाबासकी दिली. आन् सा महिन्यात..." त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "मला वाटलं, आपन कागदावरच शिकवलं सगळं. निदान आता पायांना शिकवावं."

मला एकदम आठवलं. आप्पा दवाखान्यात असताना सर एकदा आले होते. दारातच उभे राहिले. हातात मोसंब्यांची पिशवी. आईनं 'या बसा' म्हटलं, तर पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघून गेले. आम्हाला वाटलं, माझे मास्तर म्हणून आले असतील. मी तेव्हा त्या मोसंब्या खाल्ल्या होत्या, आणि चांगल्या गोड होत्या. बाभळीखाली बसून मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी म्हटलं, "मग आप्पांला येऊन सांगायचं न्हाई का? सात वर्सं झाली!" सर म्हणाले, "गेलतो. तीनदा गेलतो तळापातुर. माघारी आलो." आणि मग, इतकी वर्षं जगाला 'कसा?' विचारणाऱ्या त्या माणसानं स्वतःहून सांगितलं, "कावर्डली."

परीक्षा मंगळवारी होती, अंबाजोगाईला. आदल्या रविवारी शेवटचा धडा. माझं दही आता एकसंध लागत होतं, काकूंनी वाटीत साखर घालून मला खाऊ घातलं होतं. सर म्हणाले, "आज जरा येगळ्या रस्त्यानं जाऊ." बीडचा रस्ता सोडून आम्ही माळाकडं वळलो. ज्वाऱ्या निघालेल्या, दोन्ही बाजूला मोकळी रानं. सकाळचे नऊ वाजले असतील.

वळणावरून पुढं आलो आणि समोर मेंढरं. डावीकडच्या रानातून उजवीकडच्या रानात रस्ता ओलांडत होती. पुढच्या एडक्याच्या गळ्यातली घंटा ऐकली आणि मी ब्रेक दाबला. ती घंटा मी झोपेतसुद्धा ओळखली असती. मेंढरांच्या पाठीवर गेरूचा ठिपका, तोही मीच लावलेला, दिवाळीला गेले होते तेव्हा.

"सर, हे आमचं हाय. आप्पा असतील मागं. सर, माघारी जाऊ."

"घाबरून रिव्हर्स टाकायचा नसतोय," सर म्हणाले. त्यांना तळ कुठं आहे ते ठाऊक होतं की नव्हतं, मी नंतर पुष्कळदा विचारलं. दर वेळी म्हणाले, योगायोग. माझा विश्वास नाही.

कळप निम्मा ओलांडून गेला. उजवीकडं दीडएकशे मेंढरं, डावीकडं तेवढीच, आणि मधे रस्ता मोकळा झाला. चांगली दोन गाड्या जातील एवढी जागा. आप्पा अजून बांधाच्या आड होते, दिसत नव्हते.

सर म्हणाले, "गॅप हाय. आप्पा यायच्या आत निघून जाशील. चल. क्विकली, बट केअरफुली."

मी गाडी बंद केली. चावी फिरवून इंजिनच बंद.

"अगं, काय करायलीस? गॅप हाय न्हवं!"

"ती गॅप न्हाई, सर." मी म्हटलं. सरांचा शब्द मी पहिल्यांदा मोडत होते, पण इथं मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. "आया तिकडं गेल्यात आन् पिल्लं हिकडं राहिल्यात. मेंढरू गाडीला भीत न्हाई, सर. एकटं राहायला भीतं. आत्ता आपन मधून गेलो, तर हिकडची सगळी तिकडं धावत्यात, गाडी हाय का काय हाय ते बघत न्हाईत. कळप तोडायचा नसतोय. एकदा पहिलं मेंढरू वलांडलं, की शेवटचं वलांडेपातुर थांबायचं. आमच्यात लेकरालाबी ठावं हाय हे."

आणि झालंही तसंच. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत पलीकडून एक मेंढी ब्यां करून ओरडली, आणि अलीकडची सगळीच्या सगळी एकदम, धडाधड, आमच्या बंपरला घासत पलीकडं पळाली. आम्ही त्या मोकळ्या जागेत असतो तर? नकोच तो विचार.

मी सरांकडं बघितलं. त्यांचा रंग उडाला होता. दोन्ही हातांनी त्यांनी समोरचा डॅशबोर्ड धरला होता.

"त्या पोरानं असंच केलं असल," ते हळू म्हणाले. "गॅप दिसली, घातली. मी त्याच्या शेजारी असतो तरी मी बी त्याला जा म्हनलो असतो. आत्ता तुला म्हनलो." मग त्यांनी डॅशबोर्ड सोडला. "मी चुकीचं शिकवायलो व्हतो पोरी. मला ठावंच नव्हतं."

मी सरांच्या हातावर हात ठेवला.

आप्पा आले. काठी टेकत, उजवा पाय ओढत, सगळ्यांच्या मागून. खांद्यावर घोंगडं. काचेवर ऊन असल्यामुळं आत कोण बसलंय ते त्यांना दिसत नव्हतं. गाडी बंद करून उभी आहे, हे मात्र त्यांनी बघितलं. जवळ येऊन त्यांनी बॉनेटवर हलक्या हातानं थाप मारली आणि म्हणाले, "शाना ड्रायव्हर हाय. इतक्या वर्सांत कुनी इंजिन बंद केलं न्हवतं बाबा."

मी दार उघडून खाली उतरले.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग परत माझ्याकडं. मी लहानपणी मार खायची वाट बघायचे तशी उभी राहिले.

"तू?"

"हां, आप्पा."

"कवापासून?"

"दोन महिनं झालं. मंगळवारी परीक्षा हाय. दवाखान्याच्या गाडीवर नोकरी हाय, बायांच्या. तुमी हो म्हनलात तरच. न्हाईतर न्हाई." सगळं एका दमात बोलून टाकलं. दोन महिने घोकलेलं भाषण केव्हाच पळून गेलं होतं.

तेवढ्यात सर दुसऱ्या बाजूनं उतरले. हात जोडून आप्पांच्या समोर येऊन उभे राहिले आणि सांगितलं. तो पोरगा माझा होता. मी शिकवला होता. तीनदा आलो होतो, तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. आत्ता पोरीला गाडी घाल म्हणणाराही मीच, तिनं ऐकलं नाही म्हणून बरं झालं. एकही इंग्रजी शब्द न वापरता सर एवढं बोलले.

आप्पांनी काठीवर भार दिला. "तो पोरगा आता कुठं असतोय, मास्तर?"

"पुण्याला हाय. कंपनीत. गाडीला हात लावत न्हाई तो तवापासून. बसनं जातो, बसनं येतो."

"आरारारा," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खरंच हळहळला. "लेकरू व्हतं वो ते. त्याला कुनी सांगितलंच नसंल, तर त्यानं काय करावं? त्याला म्हना ये एकदा तळावर. मेंढरं कशी वलांडत्यात, मी दावतो त्याला."

सर रडले. रस्त्यात उभं राहून, चष्मा काढून, चांगले हमसून रडले. आप्पांना पुरुषमाणसाच्या रडण्याची सवय नाही, ते माळाकडं बघत राहिले.

मग त्यांनी खांद्यावरचं घोंगडं सोडलं. आत कोकरू होतं. आत्ताच रानात व्यालेल्या मेंढीचं, अजून नीट पायावर उभं न राहणारं, अंगावरची ओल वाळलेली नव्हती. त्याची आई आप्पांच्या मागं मागं चालत आली होती, दमलेली, सारखी हुंगत. आप्पांनी ते कोकरू उचललं आणि सरळ सरांच्या हातात दिलं. "धरा, मास्तर. बसा गाडीत." सरांचा तो इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्याला लगडलेलं ते चिकट कोकरू! सर बसले मुकाट्यानं, लहान बाळ घ्यावं तसं त्याला धरून.

आप्पा माझ्याकडं वळले. "मेंढरं चरत्यात तवर ह्या रानात. तळ हितून मैलभर हाय. माझ्यानं त्याला न्यायाचं व्हईना आता. त्याची आई शेजारनं चालंल, तिला लेकरू दिसलं पायजे, असं चालव. ती दमलीया. तिला पळवू नको."

"आप्पा, मग मंगळवारी..."

"आधी तळापातुर तर ने," आप्पा म्हणाले, आणि काठी टेकत गाडीच्या पुढं जाऊन रस्त्याच्या मधोमध चालायला लागले.

मी खिडकीच्या काचा खाली केल्या. इंजिन चालू केलं. पहिला गिअर, अर्धा क्लच, मेंढीच्या चालीनं. खिडकीपाशी मेंढी, आत कोकरू, दोघं एकमेकांना हाका मारतायत. आणि समोर आप्पा.

त्या अपघातानंतर आप्पांनी गाडीकडं कधी पाठ केली नव्हती. लांबून आवाज आला तरी ते रस्ता सोडून बांधावर चढायचे आणि गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं तोंड करून उभे राहायचे. लग्नाच्या वरातीतसुद्धा. सात वर्षं.

अर्ध्या वाटेत माझा क्लचवरचा पाय थरथरायला लागला. इतक्या हळू, इतका वेळ मी कधी चालवली नव्हती. एकदा तो सुटला. गाडीनं गचका खाल्ला आणि पुढं झेपावली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि आप्पांची पाठ यांच्यात दोन हात अंतर होतं. सरांनी कोकरू छातीशी घट्ट धरलं.

आप्पांनी आवाज ऐकला होता. ऐकला नसेल असं होणारच नाही. ते थांबले. पण वळले नाहीत. पुढंच बघत त्यांनी डावा हात वर केला आणि दोन बोटांनी, कळपाला बोलावतात तशी, 'ये' म्हणून खूण केली. मग वाकडा पाय ओढत माझ्या गाडीच्या पुढं चालू लागले.